सकाळचा चहा, दुपारची खिचडी आणि मधली मूठ: जि. प. शाळेतल्या व्यायाम-आहार प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून
शाळा भरली. पहिली ते चौथी, पट ५८, आम्ही दोघं शिक्षक. धारूर तालुका, बालाघाटाच्या डोंगरातलं गाव, निम्म्याच्या वर घरं ऊसतोडीला जाणारी, म्हणजे दिवाळीनंतर अर्धी शाळा रिकामी होणार हे धरूनच सगळं आखायचं. यंदा ठरवलंय की व्यायाम आणि आहार ह्या दोन गोष्टी वर्षभर नीट लावून धरायच्या, नुसतं परिपाठात "हिरव्या पालेभाज्या खाव्यात" म्हणून मोकळं व्हायचं नाही. दुसऱ्या कुठल्या शाळेत कुणाला करायचं असेल तर कामाला येईल म्हणून खर्चासकट लिहून ठेवतोय. मॅडमचं म्हणणं, आधी मोजून घेऊ. बरोबर आहे.

२० जून
मोजण्यातच दिवस गेला. शाळेतला स्प्रिंगचा काटा कपाटावर धूळ खात होता. एकच पोरगं लागोपाठ चढवलं तर दर वेळी वेगळं वजन, आणि फरशी जिथं खाली-वर आहे तिथं तर विचारूच नका. शेवटी पाच लिटरचा कॅन पाण्यानं गच्च भरून काट्यावर ठेवला, तर काटा म्हणतो साडेसहा. लिटरला किलो धरलं अन् रिकाम्या कॅनचे दोन-अडीचशे ग्रॅम सोडले तरी हा काटा भंगारातच. शेजारच्या अंगणवाडीताईंचा डिजिटल काटा दुपारपुरता मागून आणला.

उंचीचा छापील तक्ता भिंतीला खिळे मारून लावलेला होता, त्याला स्टीलचा टेप (१५० रु.) लावून बघितला तर शून्य जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर. म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांच्या सगळ्या उंच्या तेवढ्यानं कमी लिहिलेल्या. तक्ता काढला, भिंतीवर टेप धरून पेन्सिलनं खुणा केल्या अन् वरून ऑइलपेंट मारला.

पुढं मोजणाऱ्यांनी: चप्पल काढून, जेवणाच्या आधी, खिशातल्या गोट्या बाहेर काढून. हो, गोट्या. एका पठ्ठ्याच्या खिशात पाव किलोच्या वर निघाल्या.

२७ जून
मोबाईलवर शीट केली, बीएमआयचा (उंचीच्या मानानं वजन किती त्याचा) फॉर्म्युला टाकला, १८.५ च्या खाली असलं की रकाना लाल होईल असं लावलं. दोन-चार पोरं सोडली तर सगळी शाळा लाल! मॅडम घाबरल्या, म्हणल्या आरोग्य केंद्राला कळवायचं का. मग शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की १८.५ ही मोठ्या माणसांची रेघ आहे. लेकरांना वयाप्रमाणं वेगळा तक्ता लागतो, जागतिक आरोग्य संघटनेचा ५ ते १९ वयाचा आहे, त्यात आठ वर्षांच्या लेकराचा मधला बीएमआयच १५.७ च्या आसपास आहे. त्या तक्त्यावर बसवल्यावर सात लेकरं खरंच काळजी करण्यासारखी निघाली. त्यांची नावं आरबीएसकेची (लेकरांची तपासणी करणाऱ्या सरकारी पथकाची) गाडी येईल तेव्हा दाखवायला वेगळी लिहून ठेवलीत. वर्गात कुणाचंच वजन मोठ्यानं वाचायचं नाही असंही ठरलं, कारण पोरं लगेच नावं ठेवायला लागतात.

४ जुलै
परिपाठानंतर वीस मिनिटं व्यायाम सुरू केला. जागेवर धावणं, उड्या, सूर्यनमस्कार. तिसऱ्या दिवशी चौथीतली एक पोरगी खाली बसली, डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुसरीतला एकजण ओकला, आणि ओकण्यात चहाशिवाय काहीच नव्हतं.

तेव्हा विचारलं सगळ्यांना, सकाळी काय खाल्लं? "चहा-बटर." "चहा." "चहा-चपाती." "काहीच न्हाई सर, आई लौकर गेली खुरपायला." आईबाप सातला रानात जातात, भाकरी त्यांच्याबरोबर फडक्यात जाते, लेकरू कपभर चहा पिऊन साडेनऊला शाळेत. खिचडी मिळते दीडला. आणि मी त्यांना सव्वादहाला उड्या मारायला लावतोय! आहाराचा धडा महिन्याभरानं घ्यायचा ठरवलाय, पण खाण्याचं काम त्याच्या आधीच हाती घ्यावं लागणार. व्यायाम तिसऱ्या तासिकेच्या पुढं ढकलला, तोपर्यंत पोटात काहीतरी जायला पाहिजे.

९ जुलै
काहीतरी म्हणजे काय? हिशोब केला. शेंगदाणे-फुटाणे अर्धे-अर्धे, लेकरामागं २० ग्रॅम. त्यातून साधारण ९० कॅलरी आणि साडेचार-पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. पोषण आहारात पहिली ते पाचवीला जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं द्यायची असतात, त्या मानानं ही मूठ काही कमी नाही. ५८ लेकरांना रोज १ किलो १६० ग्रॅम. किराणात सरासरी १२० रुपये किलोनं धरलं तर दिवसाला १४० रुपये, महिन्याला तीन हजार. पगारातून एखादा महिना करीन, वर्षभर नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, पैसे मागू नका, शेंगा मागा." बरोबर बोलले. गावात शेंगा अन् हरभरा घरोघर असतोच, पैसा मात्र मोजून असतो. ठरलं की प्रत्येकानं घरून रोज मूठभर आणायचं.

१६ जुलै
फसलं. ज्यांच्या घरी होतं ते आणतात आणि कडेला बसून खातात, ज्यांच्या घरी नाही ते लघवीला जातो म्हणून बाहेर निघून जातात. एकजण तर सुट्टी संपेस्तोवर हापशामागं उभा होता. म्हणजे ज्यांच्यासाठी केलं तेच बाहेर.

२२ जुलै
झाकणाचे दोन मोठे डबे आणले, ३८० रुपये. आता आणलेली मूठ शाळेत आल्या-आल्या डब्यात पडते, कुणी किती टाकलं कुणी बघत नाही, आणि साडेअकराला मॅडम डब्यातून वाटीनं सगळ्यांना सारखं वाटतात. वाटी कुठली, तर दह्याचा प्लास्टिकचा छोटा कप, त्यात किती भरले की २० ग्रॅमच्या जवळपास येतात ते काट्यावर बघून घेतलं. कमी पडलं तर वरचं आम्ही दोघं घालतो, महिन्याला नऊशे-हजाराच्या आत बसतं. डब्यात कुणी चिंचा टाकतं, कुणी मुरमुरे, एकदा चक्क गूळपापडी निघाली, चालतंय.

पहिलीच्या लेकरांना अख्खे दाणे देत नाही. बोलत-हसत-पळत खातात, घशात अडकायची भीती. त्यांच्यासाठी जाडसर कूट अन् गुळाचे छोटे लाडू स्वयंपाकाच्या मावशी वळून देतात.

३० जुलै
चक्कर बंद. व्यायाम तिसऱ्या तासिकेनंतर, नीट चाललाय.

६ ऑगस्ट
आहाराचा पहिला धडा. चौरस आहाराचा तक्ता वर्गात लावलेला आहेच, त्यात सफरचंद, द्राक्षं, मासा, चीज. चीज बघून एकानं विचारलं, "सर, हा साबण कशाला?" तक्ता गुंडाळून ठेवला.

मग अंगणात रांगोळीनं तीन मोठे गोल काढले, ताकद देणारं, अंग भरणारं, आजारापासून राखणारं, आणि सांगितलं की घरी आज जे शिजलं त्याचा चिमूटभर नमुना किंवा नुसतं नाव लिहिलेली चिठ्ठी आणा आणि बसवा. आलं ते बघा: ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, तांदुळज्याची भाजी, अंबाडी, घोळ, मटकी, ताक. तिन्ही गोल गच्च भरले. म्हणजे गावात खायला आहे. त्यातलं लेकराच्या ताटात किती येतं, कधी येतं, हा खरा प्रश्न.

भांडण झालं ते पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यावरून. निम्मी पोरं म्हणाली ताकदीच्या गोलात ठेवा, खाल्लं की पळता येतं. खोटं नाही ते, कॅलरी आहेतच त्यात. मी "ते वाईट असतं" म्हणलो असतो तर माना हलवून दुपारी परत दुकानात गेली असती. म्हणून पुडा तसाच बाजूला ठेवला.

८ ऑगस्ट
पुड्याचं गणित. चौथीला वजनमापं चालूच आहेत. पुडा फोडून काट्यावर ठेवला, आतला माल पंधरा-सोळा ग्रॅम. १२० रुपये किलोनं पाच रुपयांचे फुटाणे किती? पोरांनी फळ्यावर काढलं, चाळीस ग्रॅमच्या वर. ते मोजून शेजारी कागदावर ओतले. एवढा ढीग अन् तेवढी चिमूट. मग पुड्याच्या मागची बारीक अक्षरं वाचून घेतली, मीठ, तेल, कशात काय. ज्याच्या बापाचं दुकान आहे ते पोरगं गप्प बसून होतं, त्याला नंतर बाजूला घेऊन बोललो, त्याच्या बापाविरुद्ध काही नाही म्हणून. (हे मागाहून लिहितोय.) दुकानदारानं स्वतःहून फुटाणे-गुळाच्या पाच रुपयांच्या पुड्या ठेवून बघितल्या, महिनाभर चालल्या, मग उंदरांनी पोतं फोडलं अन् त्यानं नाद सोडला.

२० ऑगस्ट
पोषण आहाराची चव रजिस्टरमध्ये सही रोज करतो, पण भाजी कधी मोजली नव्हती. लेकरामागं ५० ग्रॅम म्हणजे आमच्या पटाला २ किलो ९०० ग्रॅम लागते. मोजली तर कांदा-बटाट्यासकट पावणेदोन. मावशींचा दोष नाही, ह्या दिवसांत बाजारात भाजीला हात लावू देत नाहीत आणि बिलं निघतात कधी ते सांगता येत नाही, तोवर पदरचं घालून कोण किती आणणार. परसबाग वाढवायची ठरली. हात धुतलेलं पाणी तिकडंच वळवायचं.

२ सप्टेंबर
परसबाग शेळ्यांनी खाल्ली. पालक, मेथी साफ. शेवग्याची रोपं तेवढी वाचली, ती पण शेंडे खुडलेली. पालकांनी येऊन बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, खर्च शून्य, माझ्या दोन्ही हातांना ओरखडे.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनाला गाव जमतं म्हणून लेझीम बसवली होती. ह्याचा व्यायाम म्हणून फार उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, पण दहा मिनिटं सलग लेझीम खेळून बघा, घाम निघतो. आणि ज्या पोरी एरवी खेळाच्या तासाला भिंतीला टेकून उभ्या असतात त्या सगळ्यात पुढं होत्या.

२५ सप्टेंबर
त्या भिंतीला टेकून का असतात ते बघायला आज खो-खोच्या वेळी घड्याळ लावलं. दोन लेकरं निवडली, एक चपळ, एक जरा जड अंगाचं. तासिका ३५ मिनिटांची. चपळ पोरगं एकूण नऊ मिनिटं पळालं. दुसरं दोन मिनिटांच्याही आत बाद, बाकी वेळ बसून. पळणारे मैदानात एका वेळी तिघंच असतात, पाटीवरचे बसलेले, बाकीचे वाट बघणारे. खेळ आपला आहे, चांगला आहे, त्याच्यावर बोट नाही. पण ज्याला पळायची गरज जास्त तोच सगळ्यात आधी बसतो. लंगडीचं तेच. पाच ते सतरा वयाला दिवसाकाठी सरासरी तासभर दमवणारी हालचाल पाहिजे असं म्हणतात, आमचा खेळाचा तास त्यातले दोन मिनिटं देत होता.

बदल: आठवड्यातून दोन तास विषामृत आणि साखळी. विषामृतात कुणी बाद होतच नाही, गोठलेल्याला दुसऱ्यानं शिवून सोडवलं की परत पळायचं. साखळीत पकडला गेलेला साखळीत जोडला जातो. खो-खो राहिला, पण बाद झालेल्यानं मैदानाला एक फेरी मारून पुढच्या तुकडीत शिरायचं. तेच जड अंगाचं पोरगं विषामृतात परत मोजलं, सोळा मिनिटं. आणि ओरडतंय "मला सोडवा, मला सोडवा".

एक गोष्ट घड्याळात आली नसती. चौथीतल्या दोन पोरी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येतात, ती कडेवरची खाली कोण ठेवणार? अंगणवाडीताईंना विचारलं, खेळाच्या तासापुरती तिकडं बसवतात आता.

१५ ऑक्टोबर
हात धुण्याचा दिवस, त्या निमित्तानं नळ बसवले. पीव्हीसी पाईप, सहा तोट्या, एल्बो, शेवटचं बूच, सोल्युशन मिळून १,१४० रुपये. गावातल्या प्लंबरनं मजुरी घेतली नाही. पाईप सरळ लावला तर पहिलीच्यांचा हात पोचेना अन् चौथीचे वाकेनात, म्हणून काढून तिरका बसवला, एका टोकाला कमी उंची, दुसऱ्या टोकाला जास्त. तिरका केला की खालच्या तोटीला जोर जास्त, पहिलीची पोरं एकमेकांना भिजवतात. ती तोटी अर्धीच उघडेल अशी आवळून ठेवलीय.

२१ ऑक्टोबर
आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी. मागच्या वर्षी सकाळी परिपाठाला द्यायचो, मळमळ व्हायची अन् गोळ्या खिडकीबाहेर सापडायच्या. आता सोमवारी जेवणानंतर, समोर उभं राहून. तरी एक पालक तावातावानं आले, "गुरजी, लेकराला काळी शी व्हायलीय, काय दिलं तुम्ही?" लोहाची गोळी घेतली की तसं होतंच, पण ते आधी सांगायला पाहिजे होतं. सांगितल्यावर शांत झाले. चहाचं पण त्यांनाच सांगितलं, जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, त्यापेक्षा भाजीवर लिंबू पिळा. ते म्हणाले, "लिंबाचं बघू, चहाचं काय सांगता येत न्हाई." प्रामाणिक माणूस.

१२ नोव्हेंबर
ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टरला भांडी, सरपण, शेळी, लेकरं. लेकरं मागं ठेवावीत म्हणून हंगामी वसतिगृहासाठी घरोघर फिरून हमीपत्रं घेतली, आजीजवळ राहणारी धरून ३३ राहिली. २५ गेली.

जाणाऱ्यांना काय देता येईल यावर बरंच डोकं चालवलं. फडात मैदान नाही, वेळ नाही, मोठ्या पोरी कोप्या (फडावरच्या झोपड्या) सांभाळतात. दोरीच्या उड्यांना जागा लागत नाही म्हणून नायलॉनची दोरी किलोवर घेतली, ४२० रुपये, कापून वाटली. पण नायलॉन इतकं हलकं की फिरतच नाही, डोक्यावरून येताना मधेच लोळागोळा होऊन पाठीवर पडतं. एका पालकाच्या रानात ठिबकच्या जुन्या नळ्या पडलेल्या होत्या. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, दोरीत माळेसारखे ओवले, मधल्या भागात दाट, टोकाला मोकळे, अन् दोन्ही टोकांना गाठ. आता दोरी वजनानं गोल फिरते, जमिनीवर टक-टक वाजते, त्या तालावर पोरं मोजतात. नळीचं टोक धारदार राहतं, ते दगडावर घासून घ्या नाहीतर पिंडऱ्या सोलतात. तिसरी-चौथीच्या पोरांनीच सगळ्या ओवल्या.

८ जानेवारी
फिटनेसच्या चाचण्या. पहिली ते तिसरीला बीएमआय, एका पायावर तोल आणि दोन गोलांवर हात मारायचं प्लेट टॅपिंग, पळणं-बिळणं चौथीपासून. तोलाच्या चाचणीत साठ सेकंदांत किती वेळा पाय टेकला ते मोजायचं. ज्या पोरींना कुणी खेळात घेत नव्हतं त्यातल्या दोघींनी एकदाही टेकला नाही. डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरणाऱ्या पोरी आहेत त्या, तोल आम्ही काय शिकवणार.

प्लेट टॅपिंगला टेबल उंच पडलं, पहिलीची पोरं टाचा उंचावून मारत होती, सगळे आकडे बाद. खालच्या बाकावर परत घेतलं. ॲपवर माहिती भरायला रेंज पाण्याच्या टाकीवरच येते, तिथं बसून भरली.

२२ जानेवारी
शेवग्याला पाला आला. खिचडीत टाकला तर एकेक पान निवडून ताटाच्या कडेला रांगेत. वरणात वाटून घातला तर कडू, कारण मावशींनी जून पानं घेतली होती. फक्त वरची कोवळी पानं, लसणाबरोबर तेलात परतून मग वरणात घोटली, कुणाला कळलंही नाही. नंतर सांगितलं तर म्हणाले, आम्हाला माहीत होतं. बरं.

हुरड्याचे दिवस आहेत, एका पालकानं सगळ्या शाळेला रानात बोलावलं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती ही ज्वारी काढलीय, तिचं बी पुढच्या खरिपाला लावून बघतो म्हणाले.

१० फेब्रुवारी
जंतनाशक दिन. गोळी चावून खायची, अख्खी गिळायची नाही, हे पहिलीच्यांना करून दाखवावं लागतं. गैरहजर लेकरांची यादी आशाताईंकडं दिली. जंत पोटात असतील तर आमची मूठ कुणाच्या पोटात जातेय ते वेगळं सांगायला नको.

१८ मार्च
सकाळची शाळा लागली. व्यायाम सव्वासातला धरला होता, आठनंतर ऊन मैदानात उभं राहू देत नाही. आणि परत तोच घोळ, सातला लेकरू नुसत्या चहावर. मूठ आता आल्या-आल्या देतो, अर्ध्या तासानं खेळ. पाण्याचा रांजण मैदानाच्या कडेला हलवला.

९ एप्रिल
टोळ्या परतायला लागल्या. २५ पैकी १९ आली. दोऱ्या किती परत आल्या? अकरा. बाकीच्या उसाची मोळी, शेळी, कोपीचं दार असं कशाकशाला बांधल्या गेल्या. एका पोरीनं तिकडच्या लेकरांना पण दोरी करून दिली, ठिबकच्या नळ्या तिकडं ढिगानं पडलेल्या असतात.

सगळ्यांची उंची-वजनं त्याच काट्यावर, त्याच भिंतीवर घेतली. राहिलेल्यांची वजनं वाढलीत, पण त्यावरून मी काही दावा करणार नाही, ह्या वयात वर्षाला दोन-तीन किलो वाढतातच. काळजीच्या यादीतल्या सातपैकी चार वर सरकली, दोन तिथंच, एक उसाला गेलं ते अजून आलेलं नाही. फडावरून आलेल्यांपैकी पाचजणांचं वजन जूनएवढंच किंवा कमी. म्हणजे शाळेत कमावलेलं तिकडं जातं, आणि त्याला आमच्याकडं सध्या तरी दोरीशिवाय काही नाही. पुढच्या नोव्हेंबरला जाणाऱ्या प्रत्येक घराबरोबर शेंगदाण्याच्या कुटाचा किलोभराचा डबा द्यायचा विचार आहे, समितीत बोललोय, शेंगा निघाल्या की गोळा करू.

पैसे थोडेच असतील तर आधी टेप अन् दोन डबे घ्या, काटा अंगणवाडीतून मागा. नळ नंतर. चीजवाला तक्ता पाहिजे असेल तर आमच्याकडं गुंडाळून ठेवलेला आहे, घेऊन जा.